लाल पागोटं
चाळीस वर्षं पंचवीरांचं कॉमिक पितांबरआबांनीच काढलं. हात थरथरायला लागले, तसं प्रकाशकानं काम आबांच्या पुतणीला, मयुरीला दिलं आणि वीरही नवेकोरे मागितले. पहिला अंक घेऊन ती मेहरूणला आबांच्या घरी धावतच आली. मुखपृष्ठावर जुना नायक स्वतःचं लाल पागोटं नव्या नायिकेच्या डोक्यावर बांधत होता. मागे चार नवखे वीर बावरून उभे. नायकाच्या मिशा हुबेहूब आबांच्या. आबांनी पागोट्यावर बोट ठेवलं. "पोरी, पागोटं कोना डोकाले बांधतस, ठाऊक शे?" "कारभार ज्याच्या हाती येतो त्याच्या. आजोबांचं बाबांना बांधलेलं मी पाहिलंय." "तवय आजा कोठे व्हता?" मयुरीचा चेहरा उतरला. आजोबांचा दहावा होता तो. "आबा, अंक छापून धुळ्यापर्यंत पोचलेत हो." आबांनी चित्र बदलायला सवयीनं ब्रश उचलला, थरथरता हात पागोट्यापर्यंत जाईना. मग ब्रश खाली ठेवून त्यांनी आपलं उघडं डोकं चाचपलं.