आळेफाट्यावरची शिकवणी

नळाला पाणी आले तेव्हा अजून उजाडले नव्हते. रत्नाने हंडा भरला, दोन बादल्या भरल्या आणि भाकरीचे पीठ मळायला घेतले. आतल्या खोलीत तिची सासू केशरबाई बुद्धवंदना म्हणत होती. शेवटची भाकरी फुगली तेव्हा वंदना संपली. रत्नाने नवऱ्याचा, रुपेशचा, डबा बांधला, लॅपटॉप पिशवीत घातला आणि निळ्या सुती साडीवर इस्त्री फिरवली.

“आळेफाट्याला जायाला एवढी इस्त्री?” केशरबाईने विचारले.

“कोचिंगचं बोलायचंय, आई. समोरच्याला आपण कामाची माणसं वाटलो पाहिजे.”

“नुसत्या बोलन्याचे पैशे असत्यात व्हय गं? आमच्या येळंला शानी मानसं फुकाट सांगायची. ऐकायचं मातर कुनी न्हाई.”

रुपेश टेम्पोची किल्ली शोधत होता. तो हसला. “आई, तू तवाच कोचिंग काढायला पायजे व्हतं.” मग आवाज उतरवून तो रत्नाला म्हणाला, “आपल्याच भागातला मानूस हाय. फसवाफसवी नको व्हायला. आन् पैशाचं आधी बोल. मागनं लाजत बसू नको.”

दीड वर्षापूर्वी रत्नाने मंचरजवळच्या एका कंपनीतले पॅकिंगचे काम सोडले होते. तेव्हापासून ती पेठ गावातल्या घरी बसून, फ्रीलान्सर म्हणून, दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या जाहिराती तयार करत असे. उन्हाळ्यापासून ही कामे आटत गेली. जुन्या सुपरवायझर अंजनाताईंनी तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण ती आजच्या दिवसापुरतीच. आजचे कोचिंग जमले तर स्वतःच्या नावावर काम करण्याची आशा टिकणार होती. न जमले तर सोमवारपासून पुन्हा कंपनीची बस.

आळेफाट्याच्या हॉटेलात ज्ञानेश्वर तिच्या आधीच येऊन बसला होता. घाटघरचा, चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. लग्नांचे व्हिडिओ करण्यात त्याचे पंचक्रोशीत नाव होते. दोघांची ओळख व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपवर झाली होती. प्रत्यक्ष भेट ही पहिलीच. त्याने टेबलाखालून एक कापडी पिशवी तिच्याकडे सरकवली.

“घरचा तांदूळ हाय, ताई. पयल्या भेटीला रिकाम्या हातानं येत न्हाईत.”

त्यांनी चहा सांगितला. पैशांचे बोलणे थोडे अवघडत झाले आणि लवकर संपले. आता टेबलावर, दोघांच्या मध्ये, पाण्याच्या तांब्याला टेकून फीचे पाकीट होते. ते अजून कोणी उचलले नव्हते.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका कोचकडे रत्नाने पैसे भरले होते. तो फार छान बोलायचा. त्याच्या स्वतःकडे कामे किती आहेत, एवढेच विचारायचे तेव्हा राहून गेले होते. आज तिने विचारण्यापासूनच सुरुवात केली.

“सध्या कामं किती आहेत, दादा?”

“कामाला काय तोटा न्हाई. तुळशीच्या लग्नापासनं उन्हाळा सरंस्तवर सगळ्या तारखा धरलेल्या हायेत. परवा एकाला नाय म्हनलो, तर त्यानं मुहूर्तच पुढं ढकलला.”

“मुहूर्त?”

“भटजीपरास आमाला मान हाय, राव.”

रत्ना मनापासून हसली. “गिऱ्हाईक कसं मिळवता?”

“मिळवायचं काय त्यात? एका मांडवात दिसलो की दुसऱ्या मांडवाचं आवतन येतं.”

“आणि भाव?”

ज्ञानेश्वरने टेबलावरचे पाणी बोटाने निपटले. “भाव सांगायची आमच्याकडं रीत न्हाई. समदे पावणंच. त्यास्नी कसं मागायचं? भात झोडला की ज्याचं त्यो पोतं आनून दारात टाकतो. आजवर कुनी चुकला न्हाई. पर घरात पाय ठेवाया जागा ऱ्हायली न्हाई. बायको म्हनती, आता पोरांनी कुठं निजायचं?”

“मग विकून का टाकत नाही?”

“पावण्यानं दिलेला तांदूळ बाजारात? लोकं काय म्हनतील!”

रत्नाने क्षणभर विचार केला. “मग पावण्यालाच सांगा, घरात जागा नाही. यंदा पोतं तुमच्याकडंच राहू द्या, त्याचा भाव तेवढा द्या. मागितल्यासारखंही होत नाही.”

ज्ञानेश्वरने मांडीवर थाप मारली. “तिच्या मारी! इतकी वर्षं ह्ये ध्यानातच आलं न्हाई.”

चहा आला. त्याने कप जवळ ओढला, पण प्यायला नाही.

“आता मी एक इचारू, ताई? तुमच्याकडं सध्या किती कामं हायेत?”

रस्त्यावरून नाशिककडे जाणारा ट्रक गेला. रत्नाकडे या प्रश्नाचे तयार उत्तर होते. पुण्याच्या कोचने ते पाठच करून घेतले होते. तिने ते बाजूला ठेवले.

“एकही नाही,” ती म्हणाली.

ज्ञानेश्वरने चहा बशीत ओतला आणि मान खाली घालून बराच वेळ फुंकर घालत राहिला.

रत्नाने फोन काढला. सोमवारी कामावर येते, असे अंजनाताईंना कळवले आणि फोन पर्समध्ये ठेवला. मग तिने आपला चहा सावकाश संपवला, तांदळाची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि पाकीट ज्ञानेश्वरच्या बशीपाशी सरकवले.

“तुम्ही भरलेली ही फी परत घ्या, दादा,” ती म्हणाली. “माझ्या शिकवणीला एवढा तांदूळ पुरे.”