पियानोचा अर्ज

“म्हणजे याही महिन्यात नाहीच?” मुलीच्या आईने विचारलं.

चष्मेवाल्याने हातातली काच फडक्याने पुसली. ती आधीच लख्ख होती. “मी कुठे नाही म्हटलं? पण किंमत एकाच दुकानातून विचारलीये तुम्ही. तीन दुकानांतून लेखी आणा, मग बघू.”

“गेल्या महिन्यात तुम्ही शिक्षकांचं पत्र मागितलंत,” मुलीचे वडील म्हणाले. “त्याआधी जिन्याची मापं. पियानो वर चढेल का, म्हणे! काका, आम्ही तळमजल्यावर राहतो.”

“आम्ही नाही. मी राहते.”

“तेच ते.”

चष्मेवाल्याने पुसलेली काच खाली ठेवली. दुपारची वेळ होती, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

मुलीचे आजोबा, म्हणजे तिच्या आईचे वडील, त्याचे लंगोटीयार. जाण्याआधी त्यांनी नातीच्या नावाने ट्रस्ट केला आणि विश्वस्त म्हणून या मित्राला नेमलं. त्याच्या सहीशिवाय त्यातली पै हलत नव्हती. इस्पितळातल्या खाटेवरून मित्राने त्याचा हात धरला होता. “पोरीला काही कमी पडू देऊ नकोस.” त्याने शब्द दिला होता.

पोर आता अकरा वर्षांची होती. दीड वर्षापासून तिच्या आईवडिलांची घरं वेगळी होती. सुरुवातीला दोघं दुकानात येत ती वेगवेगळी. एकाने काही मागावं, दुसऱ्याने त्यात मोडता घालावा, आणि चष्मेवाल्याने मधल्यामध्ये भरडून निघावं. पियानोवर मात्र दोघांचं एकमत झालं, आणि नेमकी तिथेच माशी शिंकली. विश्वस्तच अडून बसला. त्याला आता पाच महिने झाले होते.

“स्पष्टच विचारतो,” वडील पुढे वाकून म्हणाले. “पैसे जागेवर आहेत ना?”

चष्मेवाल्याचे कान तापले. चाळीस वर्षांत त्याने कुणाकडून साध्या स्क्रूचेही जास्त पैसे घेतले नव्हते.

“आहेत,” तो म्हणाला. पण आवाज असा निघाला, की दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“बाबा म्हणायचे, डोळे झाकून विश्वास ठेवावा असा माणूस आहे,” आई म्हणाली. “बरं झालं, हे बघायला ते नाहीत.”

तिने पर्समधून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. “ही तुमची प्रत. सोमवारी कोर्टात देतोय. तुम्हाला काढून दुसरा विश्वस्त नेमा, असा अर्ज आहे.”

“दोघांच्या सह्या आहेत,” वडिलांनी जोड दिली.

ती दोघं गेल्यावर त्याने चष्मा चढवून अर्ज वाचला. ‘सदर विश्वस्त मुलीच्या हिताविरुद्ध वागत आहेत.’ ते वाक्य त्याने दोनदा वाचलं. खोटं असतं तर त्याला राग आला असता. राग काही येईना.

डबा त्याने उघडलाच नाही. पाच महिन्यांपूर्वी पियानो आला असता, तर एव्हाना पोरीचा हात किती बसला असता! शिक्षकांनी पत्रात लिहिलं होतं, आठवड्यातून एक तास पुरायचा नाही, या वयात हात वळला तर वळला. गेल्याच आठवड्यात पोर चष्म्याची फ्रेम सैल झाली म्हणून आली होती. तो स्क्रू पिळत होता आणि तिची दहाही बोटं काउंटरच्या काचेवर चालत होती. ओठ मिटलेले, डोळे कुठेतरी लांब. आवाज नव्हता, पण गाणं पुरं होईपर्यंत ती थांबली नाही. त्याने उगाचच मान वळवून पाठीमागची खोकी लावायला घेतली होती.

मित्र स्वप्नात येत नव्हता, हेच नशीब. आला असता तर काय तोंड दाखवायचं?

बस झालं, असं म्हणून तो उठला. खणातून ट्रस्टचं चेकबुक काढलं, पियानोच्या दुकानाचं नाव घातलं, रक्कम लिहिली आणि सही केली.

शाळा सुटल्यावर पोर आली. दप्तर खुर्चीवर टाकून तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“आले होते?”

“आले होते. हे बघ.” त्याने चेक तिच्यासमोर सरकवला. “संध्याकाळी तुझ्या आईला फोन करून देऊन टाकतो. पियानो तुझाच आहे, बाळा. फार उशीर केला मी. चुकलंच माझं.”

पोरीने चेक उचलला. दुकानाचं नाव वाचलं, आकडा वाचला. कितीतरी वेळ ती त्या कागदाकडे बघत राहिली. मग तिने तो अलगद काउंटरवर पालथा ठेवला.

“कोर्टात जाणार म्हणाले?”

“हो. सोमवारी.”

“काल बाबा घरी आले होते, चष्मेआजोबा. दोघं टेबलापाशी बसून तुमच्याविरुद्ध अर्ज लिहीत होते. बाबा जेवायलाही थांबले. आई हसली पण, दोनदा.” तिने चेक त्याच्याकडे परत सरकवला. “आपलं ठरलंय ना? अजून थोडे दिवस नाहीच म्हणा.”