मामंजींचा शेवटचा शब्द

"शुक्रवारपर्यंत काउंटर तुमच्यासाठी राखून ठेवतो," गुरुमूर्ति कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणाला. "मग मला बोल लावू नका."

मंगलाने मान डोलावली. तिचं तमिळ अजून अडखळायचं, त्यामुळे मान डोलावणं सोयीचं पडे.

गुरुमूर्तिने कुंभकोणमच्या मोठ्या रस्त्यावर तीनमजली स्टोअर्स बांधलं होतं. साड्या, स्टील, पितळ, खेळणी, सगळं एका छपराखाली. ज्याने त्याने आपला माल आणून मांडायचा आणि विक्रीतला वाटा गुरुमूर्तिला द्यायचा. गिऱ्हाईक आणणं त्याच्याकडे. पिशवीवर नावही त्याचंच.

मंगलाचं दुकान म्हणजे देवळामागच्या गल्लीतली एक खोली. समया, घंटा, कॉफीचे पितळी फिल्टर. सासरे गेल्यापासून तिथे घेणाऱ्यांपेक्षा पत्ता विचारणारेच जास्त येत.

"यात विचार कसला करायचा?" नवरा, हयग्रीव, जेवताना म्हणाला. तो कॉलेजात गणित शिकवायचा. "त्याच्याकडे गर्दी आहे, आपल्याकडे डास आहेत. गल्लीतली खोली देऊन टाकू आणि मोकळे होऊ."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण मंगलाच्या मनात एक वाक्य रुतून बसलं होतं.

ती साताऱ्याची. सासरचे लोक मराठीच, पण पिढ्यानपिढ्या इकडेच राहिलेले; लग्न होऊन आली तेव्हा त्यांची मराठी ऐकून तिला घरात जुनी बखर हिंडतेय असं वाटलं होतं. तीही उंबऱ्याच्या आतच. दुकानात पाऊल टाकलं की मामंजी, अप्पाराव, तमिळच बोलत. गिऱ्हाइकाशी, कारागिराशी आणि शेजारी बसलेल्या सुनेशीसुद्धा. "असाच कान तयार होईल तुझा," म्हणत. घरच्या बायकांनी दुकानाची पायरी चढायची रीत नव्हती. ती मोडून त्यांनी तिला काशाचा नाद ओळखायला शिकवलं, ओतकामात हवा कुठे लपते ते शिकवलं. मंगलाचा फार जीव होता त्यांच्यावर.

शेवटच्या दिवशी इस्पितळात ती एकटीच उशाशी होती. दिवेलागणीची वेळ. अप्पारावांनी डोळे उघडले, खिडकीबाहेर पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, "मंगला, दुकान वाढव."

पुन्हा ते बोलले नाहीत.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गुरुवारी मात्र राहवलं नाही, तिने सासूला सांगितलं.

कृष्णवेणीबाई केळफूल सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"असेंच म्हणाले?"

"हेच शब्द."

"आणि तुझ्या मनांत काय आहे?"

"मला ते दुकान सोडवत नाही, आत्याबाई," मंगला म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

म्हातारी उठली. आतून आपला सोन्याचा कंबरपट्टा घेऊन आली आणि सुनेच्या ओटीत टाकला. "मग वाढव. पण अगे, ते काय म्हणाले तें हयग्रीवाला सांगूं नको."

"का?"

"त्याला बोलायला निमित्त होतें."

शुक्रवारी गुरुमूर्तिला नकार गेला. मंगलाने शेजारची रिकामी खोली घेतली, मधली भिंत पाडली, नव्या उंबऱ्यावर नारळ वाढवला.

पुढचा उन्हाळा भयंकर गेला. तिकडे स्टोअर्समध्ये रेटारेटी आणि इकडे मंगला समयांवरची धूळ पुसतेय. हयग्रीव रोज रात्री हिशेबाची वही चाळून मिटून ठेवी, आणि तेच जास्त लागे. कित्येक सकाळी तिला दुकान उघडावंसं वाटत नसे. मामंजी उगाच म्हणाले नसतील, असं स्वतःला बजावत ती शटर वर करी.

मार्ग निघाला तो नावांतून. लेकीला द्यायच्या भांड्यावर इकडे तिचं नाव कोरून घेतात. स्टोअर्समध्ये ते काम उरकून टाकत. मंगला बायकांना बसवून घेई, कॉफी देई, अक्षरं आधी कागदावर काढून दाखवी. तिचं तमिळ ऐकून बायका खो-खो हसत, आणि हसता हसता नावाबरोबर ठरलेल्या लग्नाची सगळी हकिगत सांगत. चोळपुरमची एक आई आली. तिने जावेला पाठवलं, जावेने अख्ख्या गल्लीला. पुढच्या वर्षीच्या लग्नसराईत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. खुद्द गुरुमूर्ति मुलीच्या लग्नाची समई इथून घेऊन गेला.

"काउंटरवर हे जमलं नसतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

त्याच संध्याकाळी कृष्णवेणीबाई उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दुकानात आल्या. सुनेचा हात धरून पायरी चढल्या, समयांच्या रांगा डोळे भरून पाहिल्या आणि नवऱ्याच्या जुन्या स्टुलावर बसल्या. शेवटचं गिऱ्हाईक गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले.

"मामंजींनी हे बघायला हवं होतं," मंगला म्हणाली. "त्यांच्याच शब्दावर केलं सगळं."

म्हातारीने नुसती मान हलवली. मग बाहेरच्या अंधाराकडे बघत, घरच्या सवयीने म्हणाली, "मंगला, उशीर झाला. दुकान वाढव आतां."

मंगला हसली. "अजून? पलीकडची भिंत शिंप्याची आहे, आत्याबाई. तो नाही पाडू देणार."

"अगे, भिंत कसली? कुलूप लाव म्हणतीं," कृष्णवेणीबाई म्हणाल्या, आणि चटकन त्यांनी पदर तोंडाला लावला.