सरळ उभं राहिलेलं अक्षर

माझी नात कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवते. हा नवा फॉन्ट तिरका होता, अगदी साधा, अक्षरांना शेपट्या-बिपट्या काही नाहीत. बारीक अक्षर असो की जाडं, प्रत्येकाला सारख्याच रुंदीचं घर. प्रोग्राम लिहिणारे म्हणे मधेमधे एकमेकांसाठी टिपा लिहून ठेवतात, त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून हा तिरकेपणा.

संध्याकाळपर्यंत फॉन्ट दिला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होतं. बाहेर ढग, खोलीत दिवा लावूनही उजेड मेलेला. तिने एक ओळ छापून पाहिली. पहिलंच अक्षर सरळ उभं.

"झोपेत काढलंस वाटतं," काठीवर वाकून बघत मी म्हटलं.

"आजी, गप गं. स्क्रीनवर तिरकंच आहे ते."

तिने पुन्हा छापलं. पहिलं अक्षर नीट कललं होतं, आता दुसरं सरळ. मग तिसरं.

"फिरायला निघालंय गं कुणीतरी," मी म्हटलं. ती हसली नाही. छापत राहिली, आणि ते सरळ अक्षर एकेक घर पुढे सरकत ओळीच्या टोकाशी आलं.

त्यानंतरच्या कागदावर सगळी अक्षरं तिरकी निघाली.

"सुटलो बाई," म्हणत मी उठले. नात प्रिंटरपाशी उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत उजवीकडे कललेली, आणि तरी पडत नव्हती.

"अगं, नीट उभी राहा."

"नीटच आहे की." ती माझ्या खांद्यामागे बघत होती. "तूच काठीशिवाय एवढी ताठ कशी, आजी? आणि तुला मागून धरलंय कोणी?"