वाचलेलं चेस्टनट

बुरशीने जंगलातली सगळी चेस्टनटची झाडं खाल्ली, एक वनखात्याच्या चौकीमागचं तेवढं वाचलं. त्याला रोग बाधतच नाही, असं धरून संशोधक मॅडमनी त्याच्या कोंबांपासून प्रयोगशाळेच्या बाटल्यांत रोपं वाढवली. सहा वर्षांत चाळीस हजार. शेवटचं रोप डोंगरावर लागलं, तेव्हा त्या चौकीच्या म्हाताऱ्या माळ्याला म्हणाल्या, “काका, तुमच्या झाडाने नाव काढलं!”

“काढलं खरं. पण एवढ्यांना चिखल कोण बांधणार?”

“कसला चिखल?”

“सालीवर बुरशीची जखम दिसली की मी ओल्या मातीचा लेप बांधतो. दरवर्षी. नाहीतर तेही केव्हाच गेलं असतं.”

मॅडमनी डोंगरभर लावलेल्या रोपांकडे पाहिलं. “अहो, मग बोलला का नाहीत?”

“तुम्ही कोंब मागितलेत, मी दिले.”