खुडूक

वैजनाथने मशीनचं झाकण लावलं, बटण दाबलं आणि आतला पिवळा दिवा पेटला. मशीन म्हणजे थर्माकोलचा खोका, त्यात दिवा, छोटा पंखा आणि पाण्याची वाटी. निम्मी अंडी खोक्यात, निम्मी रतनबाईच्या उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीखाली. सगळी अंडी त्यानेच नगरहून आणली होती. अस्सल गावरान, एका ओळखीच्या माणसाकडची, असं त्याने दोनदा सांगितलं.

रतनबाईने वाटीत पाणी ओतलं, ओल्या हातानेच चार अंडी सारखी केली, तळहात पाहिला आणि पदराला पुसला. लेक नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यातून रजा काढून आईला मशीन द्यायला आला, याचंच आळीला कौतुक होतं.

"आता तुला हितून हालता यायचं न्हाई," वैजनाथ हसून म्हणाला. "तूच म्हणतीस ना, ज्या हातानं बसवली त्याच हातानं उठवायची."

हे तिचंच म्हणणं होतं. कोंबडी बसवावी तर रतनबाईने, असं घोडेगावच्या आसपासची बायामाणसं मानत. मधेच दुसऱ्याचा हात लागला की अंडी गार पडतात, हेही तीच सांगायची. लहानपणी खुराड्यात हात घातला म्हणून वैजनाथने तिचा चांगला मार खाल्ला होता. पोरगं ते विसरलं नव्हतं.

"सूनबाईला जप," निघताना ती म्हणाली. "दिवस भरत आल्यात. मला न्यायला कवा येतोस?"

"पिल्लं निघाली की लगीच. तवर अवकाश हाय. आन् मी रोज फोन करीन."

राजनंदिनीला हे दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला रतनबाई हौसेने नगरला राहायला गेली आणि त्याच आठवड्यात, सातव्या महिन्यात, पोटातलं पोर गेलं. विहीणबाई पायगुणाबद्दल काहीतरी पुटपुटल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. रतनबाई मुकाट घरी परतली. पण वैजनाथने सासूला तिथल्या तिथे गप्प केलं होतं, आणि तेवढी एक गोष्ट ती आजवर उराशी धरून होती. या खेपेला नातवंड आपल्या हाताने पाळण्यात घालायचं, एवढंच तिला हवं होतं. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ट्रंकेत ठेवली होती.

वैजनाथ शब्दाला जागला. एरवी महिना महिना ज्याचा पत्ता नसायचा, त्याचा रोज तिन्हीसांजेला फोन येऊ लागला. ऊब बरोबर आहे का, अंडी फिरवलीस का, लाईट गेली होती का. ती सगळं सविस्तर सांगायची. लाईट गेली की खोक्याभोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावून वर गोधडी टाकायची, आणि तेही सांगायची. फोनची वेळ झाली की मोबाईल मांडीवर घेऊन खोक्याशेजारी पाट टाकून बसायची. शेजारची शोभा चेष्टा करायची की कोंबडी परवडली, ती निदान दाणे टिपायला तरी उठते. खरी खुडूक तर म्हातारीच झालीय.

आठवडाभराने शोभा मोबाईलचा टॉर्च लावून आली. आत जीव धरलाय का ते उजेडाला धरून बघू, म्हणाली. रतनबाईने तिला झाकणाला हात लावू दिला नाही.

"नगं बाई. उजेडानं बिथरत्यात."

शोभाला नवल वाटलं. आजवर हीच बाई कंदिलापुढे एकेक अंडं धरून बघत आली होती. पण मशीनची तऱ्हा वेगळी असेल, असं म्हणून तिने टॉर्च बंद केला.

एका संध्याकाळी फोनवर वैजनाथच्या मागे तान्हं बाळ रडल्याचा आवाज आला. शेजारच्यांचं आहे, तो म्हणाला. व्हय, आसंल, ती म्हणाली, आणि कोंबडीने आज दाणे कसे टिपले ते सांगत राहिली. सूनबाईचं तिने त्या दिवशी विचारलं नाही.

पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना शोभा आली ती ओंजळ झाकून, आणि उंबऱ्यातच थांबली. तिची लेक सृष्टी लग्न होऊन नागापूरला वैजनाथच्याच गल्लीत दिलेली. ती दुपारी माहेरी आली होती.

शोभाने ओंजळ उघडली. बारशाच्या घुगऱ्या होत्या.

"वैजनाथला मुलगी झालीय," ती म्हणाली. "काल बारसं झालं. मनवा नाव ठेवलं. पाळण्यात विहीणबाईंनी घातली."

रतनबाईने चार घुगऱ्या घेतल्या, कपाळाला लावल्या आणि तोंडात टाकल्या. बराच वेळ ती त्या चावत बसली.

शोभाला ते बघवेना. पोराने आईला अंड्यांवर बसवून ठेवलं आणि तिकडे बारसं उरकलं, असं ती तडातडा बोलत राहिली. बोलता बोलता तिने खोक्याचं झाकण काढलं, एक अंडं उचललं आणि वाटीच्या काठावर फोडलं. आत नुसतं पातळ पिवळं. रक्ताची शीर नाही की काही नाही. दुसरं फोडलं, तेही तसंच. टरफल वाटीतल्या पाण्यात पडलं, तिने ते बोटाने चोळलं. पाणी चहासारखं झालं आणि टरफल पांढरंफटक निघालं.

"दुकानातली अंडी चहात बुडवून आनली की गं," शोभा म्हणाली. "कोंबड्यांत जलम गेला तुजा. तुला कळलं न्हाई?"

रतनबाईने आपला तळहात उलटा करून पाहिला.

"पयल्याच दिशी रंग लागला हुता हाताला."

तेवढ्यात मोबाईल वाजला. तिन्हीसांज झाली होती. रतनबाईने घाईने हात पुसले, खोक्याचं झाकण लावलं, पाटावर बसली आणि फोन कानाला धरला.

"व्हय रे बाळा," ती म्हणाली, "समदी निघाली, एक बी वाया गेलं न्हाई. आता दुसरी अंडी कवा आनतोस?"