डुलकी

हमदुल्लाला जाग आली तेव्हा विमानाचं नाक खाली झुकलं होतं आणि समोर नुसतं पाणी होतं.

त्यानं हातातला दांडा जोरात ओढला. विमान थरथरलं, मग सरळ झालं. डावीकडे खांदेरीचं बेट मागे पडलं. पुढच्या उघड्या खुर्चीतून अमृतलाल शेठनी हात हलवून शाबासकी दिली. वैमानिकानं मौजेखातर सूर मारला, असं त्यांना वाटलं होतं.

मांडव्याला ओहोटीच्या टणक वाळूवर विमान उतरलं. शेठ बंगल्याकडे गेले. हमदुल्ला खाली उतरला आणि चाकाशीच बसला.

"काय झालं रे?" रामचंद्रनं विचारलं.

रामचंद्र तळे गावचा. शेठच्या विमानाचं यंत्र तो सांभाळी. दोघांनी मुंबईत एकत्र शिकून विमान उडवायचे परवाने काढले होते, पण शेठचा भरवसा हमदुल्लाच्याच हातावर. सकाळी सुरत, दुपारी पुणं, आल्या आल्या पाहुण्यांना फिरवून आणायचं. खाजगी विमानाला विश्रांतीचा नियम कोण लावणार? शेठ बोलावतील ती वेळ.

"वर डोळा लागला, रामा."

रामचंद्र त्याच्याशेजारी बसला. "शेठना सांग. थोडे दिवस मी उडवतो."

"सांगितलं तर पुन्हा बसू देतील? तू कुणाला बोलायचं न्हाय. शपथ हाय तुला."

"न्हाय बोलणार."

त्या संध्याकाळी थळला घरी हमदुल्ला जेवता जेवताच आडवा झाला. महेरुन्निसानं नवऱ्याचा हात धुतला, अंगावर चादर घातली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली.

दोन दिवसांनी शेठनी त्याला बंगल्यावर बोलावलं.

"विमानात झोपला होतास? खरं की खोटं, एवढंच बोल."

हमदुल्लाला खोटं बोलता आलं नाही.

"तुझ्यावर जीव टाकला होता मी," शेठ म्हणाले. "आता विमानाला हात लावू नकोस."

तो तसाच वाळूवर आला. रामचंद्र इंजिन उघडून बसला होता.

"शेठना तू सांगितलंस?"

रामचंद्रनं फडकं घेतलं. बोटांचं तेल तो बराच वेळ पुसत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "मीच."

"माझी खुर्ची पायजे होती तुला!"

"तुला काय बोलायचं ते बोल. पण घरी जा, हमदू. झोप काढ."

हमदुल्ला वाळूत थुंकला आणि निघाला.

पुढं तो भावाच्या होडीवर जाऊ लागला. वर विमानाचा आवाज आला की मान खाली घालून जाळं ओढी. रामचंद्रचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यानं बायकोला बजावलं.

रामचंद्र आता विमानही उडवी आणि यंत्रही सांभाळी. एकदा तो थळला आला. गालफडं बसली होती, डोळे लाल होते. दारातच उभा राहिला.

"शेठची समजूत काढतो मी. दोघं मिळून उडवू, हमदू. मला एकट्याला झेपत न्हाय."

"हौसेनं घेतलंस ना? मग झेपव."

हमदुल्लानं दार लावून घेतलं. मागं महेरुन्निसा उभी होती.

पावसाळा सरला होता. आकाश स्वच्छ, समुद्र शांत. पाहुण्यांना आणायला रामचंद्र एकटाच निघाला होता. थळच्या कोळ्यांनी पाहिलं. विमान ना हेलकावलं ना पेटलं. सावकाश खाली येत गेलं आणि पाण्यात शिरलं.

होडीतून त्याचं प्रेत किनाऱ्यावर आणलं. सारा गाव धावला. हमदुल्ला ओटीवर बसून राहिला.

"चला," महेरुन्निसा म्हणाली.

"शपथ मोडून मला विकलं त्यानं. त्याचं तोंड मी बघणार न्हाय."

तिनं डोक्यावरून चादर ओढली. उंबऱ्यापाशी गेली आणि थांबली. पाठमोरीच बोलली.

"झोपेत तुमी सारं बडबडला होता. दुसऱ्या दिवशी शेठाणीला सांगायला मी गेले होते. बंगल्यातून बाहेर पडताना रामचंद्रभाईंनी मला पाह्यलं होतं."